अल्जिनेटचे मणी धुताना पीबीएस लांब ठेवा

कराड, सातारा, सांगलीकडची जी मुलं एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला नाळेतल्या मेसेन्कायमल स्टेम सेल्स (हाड, कूर्चा बनू शकणाऱ्या मूळ पेशी) हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये, वाढवायला घेतायत, त्यांच्यासाठी. साधं कल्चर येतं असं धरून चालू. नाळ हॉस्पिटलमधून 'ओळखीवर' आणू नका. संमतीपत्र आणि स्टेम सेल कमिटीची मंजुरी आधी.

सुरुवात अल्जिनेटने करा, म्हणजे समुद्री शैवालातल्या, कॅल्शियमने साखळ्या जोडल्या की जेल होणाऱ्या पदार्थाने. मॅट्रिजेल (सेल्स वाढवायचं तयार प्रथिनांचं जेल) महाग, आणि सांगलीच्या एप्रिलात कोलॅजन बर्फावरून उचललं की टिपमध्येच घट्ट व्हायला लागतं. लो व्हिस्कॉसिटी अल्जिनेट 120 मिग्रॅ, 0.9 टक्के सलाइन 10 मिलि, रात्रभर ढवळत ठेवा. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) नको, साखळ्या तुटून जेल लिबलिबीत होतं, आधी 0.45, मग 0.22 मायक्रॉनचा फिल्टर. मिलिमागे 10 लाख सेल्स बुडबुडे न करता मिसळा. 22 गेजच्या सुईने थेंब 102 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडा, 10 मिनिटं, थेंबांचे मणी होतात. 100 मिलिला डायहायड्रेट 1.5 ग्रॅम लागतं, निर्जल असेल तर 1.13. बाटली वाचा.

खरी गोची पुढे आहे. मणी धुवायला हात सवयीने पीबीएसकडे (फॉस्फेट बफर घातलेलं सलाइन) जातो. त्यातलं फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, मोकळ्या जागी सोडियम शिरतं. पहिल्या धुण्यात काहीच कळत नाही. मग मणी फुगतो, कड धूसर होते, सेल्स निसटून प्लेटच्या तळाला चिकटतात. तिथे त्या झकास पसरतात, आणि तोच फोटो 'जेलमधली वाढ' म्हणून रिपोर्टात जातो! कॅल्शियम उरलेल्या प्लेटमध्ये पीबीएस ओतलं की पांढरट गढूळपणाही येतो. तो कॅल्शियम फॉस्फेटचा साका, दर वेळी कंटॅमिनेशन नव्हे. धुण्यासाठी 0.9 टक्के सलाइन, 20 मिलिमोलर हेपेस (फॉस्फेट नसलेलं बफर), 2 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच 7.4. लाइव्ह-डेडचा (जिवंत-मेलेल्या सेल्स ओळखायचा) डाय, पॅराफॉर्माल्डिहाइड, अँटिबॉडी, सगळं यातच बनवा. किटच्या कागदावर पीबीएस छापलेलं असतं, सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या प्रोटोकॉलच्या फोटोतही. सीनियरला 'कशात धुतलंस?' एवढं विचाराच. उत्तर द्यायला तो चाचरला तर फोटो डिलीट करा.

मण्यात सेल्स गोलच राहिल्या तर घाबरू नका. साध्या अल्जिनेटला सेल्स धरून ठेवायला जागाच नसते, त्यामुळे गोल म्हणजे मेलेल्या नव्हेत. कूर्चेच्या कामाला तो आकार सोयीचाच. हाडासाठी पसरलेल्या हव्या असतील तर आरजीडी (सेल्सना पकड देणारा छोटा पेप्टाइड) जोडलेलं अल्जिनेट घ्या. मोठ्या मण्याच्या गाभ्यात मात्र ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणून मणी कापून मधलं रंगवून बघा.

सेल्स परत काढायच्या तर 55 मिलिमोलर सोडियम सायट्रेट सलाइनमध्ये, 37 अंशांवर 10 मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज. त्यानंतर पीबीएस खुशाल वापरा.