बागेतल्या पाहुण्यांचे फोटो: आधी त्यांचं वेळापत्रक पाठ करा

बागेत पक्षी दिसला की लोक कॅमेरा घेऊन त्याच्या मागे धावतात आणि वर तक्रार करतात, ‘बसतच नाही हो!’ धावत येणाऱ्या माणसासमोर तो बसेल तरी कशाला? म्हणून माझा पहिला आग्रह: निदान आठवडाभर कॅमेऱ्याला हात लावू नका. खुर्ची, वही, पेन एवढंच घ्या आणि रोज एकाच जागी बसा. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सगळ्यांत चांगले. तारीख, वेळ, ऊन की ढग, कोण आलं, कुठे बसलं, काय केलं हे लिहा. नाव माहीत नसलं तर अडून बसू नका. ‘काळा-पांढरा, शेपटी सारखी वर उचलणारा’ एवढं लिहिलंत तरी पुढे पुस्तकात दयाळ सापडतोच.

हा दयाळ पाहण्यासारखा आहे. थेट जमिनीवर उतरत नाही. आधी कुंपणावर किंवा एखाद्या खुंटावर बसतो, खाली नजर टाकतो, किडा हेरतो आणि मग झेप. पुन्हा बऱ्याच वेळा त्याच खुंटावर. चतुर हा किडा त्याहून पक्का. काडीवरून उडेल, हवेतलं चिलट पकडेल आणि परत त्याच काडीच्या टोकावर येऊन बसेल. नवशिक्यांनी हात बसवायला चतुरच घ्यावा. शिंजीर हा मध पिणारा छोटा पक्षी फुलांच्या ठरावीक झुपक्यांवर फेऱ्या मारतो. मोठ्या नळीदार फुलाशी मात्र त्याची चोरी चालते: तोंडातून चोच न घालता बुडाशी भोक पाडून मध पितो. तुमच्या फुलांना देठापाशी बारीक चिरा दिसल्या तर संशयित कोण, ते कळलं.

एकदा जागा कळली की फोटो निम्मा झाला. ऊन तुमच्या पाठीमागून येईल आणि फांदीच्या मागची झाडी तीन-चार मीटर तरी लांब असेल अशी बैठक शोधा. मागचा पसारा आपोआप धूसर होतो. फोकस आधीच त्या काडीवर लावून ठेवा. डोळा सुस्पष्ट नसेल तर बाकी कितीही छान असो, मी तो फोटो पुसून टाकते. पाहुणा जमिनीवर असेल तर तुम्हीही खाली बसा, गरज पडली तर पालथे पडा. उभ्याने काढलेल्या फोटोत सरड्याची नुसती पाठ येते.

सेटिंगचा फार बाऊ करू नका. बसलेल्या पक्ष्याला 1/500 सेकंदाचा शटर पुरतो, हालचाल असेल तर 1/1000, आणि शिंजीराचे फडफडते पंख गोठवायचे तर 1/2000 किंवा त्याहून वेगवान. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. उजळ आकाशासमोर पक्षी काळा ठिक्कर येत असेल तर एक्सपोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवा. गडद झाडीसमोर पांढरं फुलपाखरू असेल तर तेवढंच कमी करा.

मोबाइलच असेल तर पक्ष्यांचा नाद तूर्त सोडा. डिजिटल झूममध्ये काही राम नाही. किड्यांकडे वळा. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असू शकते. मोठी झाली की हीच अळी हिरवीगार होते आणि डिवचलं की डोक्यामागून दोन टोकांचं शिंग काढून उग्र वास सोडते. फोटोसाठी म्हणून डिवचू मात्र नका. त्याच झाडावर रोज तिचा एक फोटो घेतलात तर वाढीची अख्खी मालिका हाती लागते.

पाहुणे वाढवायचे तर दाण्यांपेक्षा पाणी ठेवा. पसरट, खरखरीत भांडं, दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची पैदास. मांजर दबा धरेल अशा झुडपाला चिकटून भांडं ठेवू नका. कीटकनाशक फवारणार असाल तर हा सगळा खटाटोप करूच नका.

घरट्याच्या बाबतीत मी कडक आहे. फांद्या बाजूला सारून फोटो काढला की आडोसा जातो आणि कावळ्याला पत्ता मिळतो. पक्षी चोचीत चारा घेऊन घुटमळत असेल, घरट्याकडे जात नसेल, तर अडथळा तुम्ही आहात, मागे सरा. मोबाइलवर त्याच्या जातीचा आवाज वाजवून बोलावणंही बंद.

रात्रीच्या पाहुण्यांसाठी ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्यातल्या 850 नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड दिव्यांची मंद लाली दिसते, 940 ची दिसत नाही. बुजऱ्या प्राण्यांसाठी दुसरा घ्या. समोर हलणारी फांदी किंवा गवत नको. सेन्सर उष्णतेच्या हालचालीवर चालतो, उन्हात तापलेली पानं डोलली की कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं.

ओळख पटवायला आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकणार असाल तर फुलपाखराचे मिटलेले आणि उघडलेले, दोन्ही पंख दिसू द्या. आणि टाकण्यापूर्वी घराचं अचूक ठिकाण लपवा, फोटोत ते नोंदलेलं असू शकतं.