थांबणं जमत नाही? या चुका टाळा

मोह आवरला नाही की आपण लगेच म्हणतो, मनच कच्चं. पण बऱ्याचदा गडबड वेळेच्या अंदाजात असते. मार्क विटमन आणि मार्टिन पॉलस या संशोधकांनी 2008 मध्ये मांडलं की उतावळ्या माणसाला तीच दहा मिनिटं इतरांपेक्षा लांब वाटतात. थांबणं त्याला महाग पडतं, म्हणून तो हाती आहे ते घेऊन मोकळा होतो.

पहिली चूक म्हणजे मोहाची वस्तू डोळ्यांसमोर ठेवून निग्रह करत बसणं. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या 1970 च्या प्रयोगात थांबणाऱ्या मुलाला जास्त आवडता खाऊ मिळणार होता. खाऊ समोर असलेली मुलं सरासरी एखादं मिनिट थांबली, खाऊ नजरेआड असलेली अकराएक मिनिटं. तेव्हा मोबाइल पालथा घालून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवा. घड्याळाकडे बघत बसलात तरी तेच होतं. वेळेवर लक्ष गेलं की वेळ ताणला जातो. त्यापेक्षा मेथी निवडायला घ्या.

आवर्ती ठेव मध्येच मोडायचा मोह होतो? ‘अजून अकरा महिने’ असं मोजू नका, मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. संशोधक डॅनियल रीड आणि सहकाऱ्यांना 2005 मध्ये आढळलं की कालावधीऐवजी तारीख सांगितली तर लोक थांबायला जास्त राजी होतात.

सर्वात जास्त नुकसान करणारी चूक मुलांच्या बाबतीत होते. ‘थोड्या वेळाने देते’ म्हणायचं, विसरायचं आणि वर मुलाला हट्टी ठरवायचं. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात असाच खाऊसाठी थांबण्याचा प्रयोग झाला. त्यात, आधी शब्द पाळलेल्या मोठ्या माणसासाठी मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली; शब्द मोडलेल्यासाठी जेमतेम तीन. ज्याला खाऊ मिळेल याची खात्रीच नाही, त्याने का थांबावं? लहान मुलाला ‘थोडा वेळ’ कळत नाही. ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की देते’ म्हणा आणि तिसऱ्या शिट्टीला हातातलं काम बाजूला ठेवून कबूल केलेलं देऊन टाका. आणि खाऊच्या त्या एका परीक्षेवरून मुलाचं भविष्य वर्तवू नका. 2018 मध्ये मोठ्या गटावर पुन्हा पाहिलं तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर लहानपणचं थांबणं आणि पुढची प्रगती यांतला संबंध बराच क्षीण झाला.

घरी, शाळेत, खेळताना, सगळीकडेच मुलाला वेळेचा अंदाज येत नसेल, थांबणं जमत नसेल आणि असं बरेच महिने चाललं असेल, तर ओरडण्यात दिवस घालवू नका. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं अवघड जाण्याची अवस्था) आहे का, हे बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्या.