आईची रात्री आठची गोळी

आईच्या हृदयातली मायट्रल झडप बदलून धातूची बसवली, त्याला सहा वर्षं झाली. लहानपणी आलेल्या सांधेतापाने मूळ झडप आखडली होती. रात्री घर शांत झालं की तिच्याजवळ बसल्यावर नव्या झडपेची टकटक ऐकू येते. त्या धातूवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून तिला जन्मभर असेनोकूमारॉल घ्यायचंय, म्हणजे आमच्या भाषेत ‘रक्त पातळ व्हायची गोळी’. ज्यांच्या घरी ही गोळी किंवा तिच्यासारखंच काम करणारं वॉरफरिन नुकतंच सुरू झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिला आठवडा नाजूक असतो. गोळी यकृतात रक्त गोठवणारे घटक नव्याने बनू देत नाही, पण आधीचे बनलेले रक्तात फिरत असतातच. ते संपेपर्यंत काही दिवस जातात. म्हणून तोवर गुठळी होऊ नये यासाठी पोटावर हेपारिनची इंजेक्शनं चालू ठेवतात. गोळी सुरू झाली म्हणून इंजेक्शनं आपल्या मनाने थांबवू नका. पुढेही डोस बदलला की त्याचा पूर्ण परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, दुसऱ्याच दिवशीच्या रिपोर्टावरून घाबरू नका.

रिपोर्ट म्हणजे आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; तो जितका जास्त तितकं रक्त पातळ. गोळी न घेणाऱ्याचा तो साधारण १ असतो. आईचा २.५ ते ३.५ ठेवायचाय. पायाच्या शिरेतल्या गुठळीसाठी बहुतेकांना २ ते ३ सांगतात. तुमचा आकडा डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

वही मात्र हवीच. तारीख, आयएनआर, डोस. डोस मिलिग्रॅममध्येच लिहा, ‘एक गोळी’ असं नको, कारण हीच गोळी १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅमची मिळते. मेडिकलमधून आणलेली पट्टी घरी आल्यावर वहीशी ताडून बघा. आम्ही गोळी रात्री आठला देतो, म्हणजे सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट बघून त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर द्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दुप्पट देऊ नका, चुकलेला डोस वहीत लिहा.

जेवणाबद्दल सगळे सांगत होते, पालेभाजी बंद करा. आम्ही दोन महिने केलीही. मग भाजीच्या दिवसांत कुणीतरी मेथी आणून दिली, आईने चार दिवस पोटभर खाल्ली आणि आयएनआर १.७ वर आला. मेथी, पालक, अळू, कोथिंबीर, शेवग्याचा पाला यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं, ते गोळीच्या उलट काम करतं. डॉक्टर म्हणाले, खा, पण दर आठवड्याला सारखीच खा. आता बुधवार-शनिवार एकेक वाटी. नवरात्राचे नऊ उपास तिने सोडले. खाणं एकदम कमी झालं तरी आकडा चढतो.

सगळ्यात मोठा धडा दुसऱ्या औषधांचा. आईला जुलाब झाले, जवळच्या दवाखान्यातून मेट्रोनिडॅझोल मिळालं. त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त, दंडावर काळेनिळे डाग, आयएनआर ७.८. दोन रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या. फंगससाठीचं फ्लुकोनॅझोल, काही अँटिबायोटिक्स, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडारोन यांनी आकडा वर जातो. टीबीच्या रिफाम्पिसिनने खाली येतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या नको. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, पण तेही सलग काही दिवस घ्यावं लागलं तर कळवा. कमरेत इंजेक्शन घेऊ नका, स्नायूत रक्त साकळतं. काढा, चूर्ण, बाम हेही विचारूनच. आईच्या पर्समध्ये आता एक कार्ड असतं आणि कुठल्याही डॉक्टरांसमोर आम्ही पहिलं वाक्य गोळीचं बोलतो.

दात काढायचाय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. झडपेवर गुठळी झाली तर पक्षाघात होऊ शकतो. ते दातांच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. झडप बदललेल्या तरुण मुलींनी मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, या गोळीने गर्भात व्यंग येऊ शकतं.

नातेवाईक नव्या गोळ्या सुचवतात, ज्यांना आयएनआर लागत नाही. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यांतल्याच डाबिगाट्रानची अशा रुग्णांवरची चाचणी थांबवावी लागली होती. २०१३ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत गुठळ्याही जास्त होत्या आणि रक्तस्रावही.

काळी डांबरासारखी शी, लाल लघवी, दहा मिनिटं दाबून धरूनही न थांबणारा घोळणा, अचानक तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, झडपेची टकटक मंदावणं: यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. डोक्याला मार लागला तर काहीच दिसत नसलं तरी जा. गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली, कपाळ आपटलं, “मला काही झालं नाही गं” म्हणत चहा ठेवायला निघाली. तसंच रिक्षात घालून नेलं. सीटी स्कॅन स्वच्छ आला, आयएनआर ३.१. डॉक्टरांना विचारून रात्री आठला नेहमीचा डोस दिला आणि वहीत लिहिला.