एकच सामान, दोन शब्द

अर्थच्छटा शिकवायला मी कितीतरी वर्षं एक तक्ता वापरायचे. डावीकडे ‘कंजूष’, उजवीकडे ‘काटकसरी’. मुलं तो पाठ करायची, पेपरात उतरवायची आणि पुढची कविता हातात आली की साफ विसरायची. आता तक्ता बंद. वसाहतकाळातल्या अमेरिकेतल्या दोन इंग्रजी कवयित्री घ्यायच्या : ॲन ब्रॅडस्ट्रीटच्या दोन कविता आणि फिलिस व्हीटलीच्या आठ ओळी, तीन तासांना एवढं पुरतं.

सुरुवात आगीपासून करा. १० जुलै १६६६ च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधलं ब्रॅडस्ट्रीटचं घर जळालं, त्यावरची कविता. आधी नुसती मोठ्यानं वाचा, अर्थ सांगू नका. मग दोनच जागांखाली रेघ मारायला सांगा. राखेतून फिरताना तिला ट्रंक आठवते, पेटी आठवते आणि या वस्तूंना ती ‘प्लेझंट थिंग्ज’ म्हणते. शेवटाकडे त्याच सामानाचा निरोप घेताना शब्द येतो ‘पेल्फ’. विचारा : सामान तेच, मग नाव का बदललं? आणि गप्प बसा. (मला हेच सगळ्यात जड जातं.)

थोड्या वेळानं शब्दकोश उघडू द्या. पेल्फ म्हणजे पैसाअडका, पण नाक मुरडून म्हटलेला. याला मराठी शब्द शोधा म्हटल्यावर ‘संपत्ती’, ‘धन’ असं सगळं येऊन गेलं आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘माया’. बरोबर! ‘त्यानं बरीच माया जमवलीय’ हे आपण कौतुकानं थोडंच म्हणतो? पण लगेच दुसरीनं अडवलं, आईचीही मायाच असते की. त्यावर वीस मिनिटं गेली आणि मी जाऊ दिली. पेल्फमध्ये जिव्हाळा नाही. मायेत तो आहे, शिवाय भ्रमही आहे. ब्रॅडस्ट्रीट प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथातली होती, जगाचा मोह सुटू दे अशी तिची शेवटची मागणी आहे. म्हणजे भ्रम चालतो. जिव्हाळ्याचं काय? तोही कवितेत आहेच, फक्त ‘प्लेझंट थिंग्ज’पाशी. कोणत्या छटा जुळल्या आणि कोणती जास्तीची चिकटली, हे मुलांना वहीत लिहायला लावा.

दुसऱ्या तासाला शब्द बदलून वाचायचं. ब्रॅडस्ट्रीटची दुसरी कविता तिच्या स्वतःच्या पुस्तकाला उद्देशून आहे. आपल्या नकळत मित्रांनी आपली कविता छापली, अशी तिची त्यात तक्रार आहे. पुस्तक १६५० मध्ये लंडनला निघालं होतं. त्या पुस्तकाला ती ‘ब्रॅट’ म्हणते. तिथे ‘चाइल्ड’ घालून ओळ वाचा. मग मराठीत लेकरू, पोर, कार्टं असं एकेक घालून पाहा. ‘कार्टं’ आई म्हणू शकते, शेजारीण म्हणाली तर भांडण होईल. ही गोष्ट कळली की मुलांना वेगळी व्याख्या लागत नाही.

याच कवितेत पुस्तकाला नेसवायला ‘होमस्पन’शिवाय काही नाही, असं ती म्हणते : घरी विणलेलं जाडंभरडं कापड. इथे सावध राहा. शंभरेक वर्षांनी, १७६० च्या दशकात अमेरिकेतल्या वसाहतींनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला तेव्हा हाच शब्द अभिमानाचा झाला. आपल्याकडे खादीचं झालं तसंच. ती छटा ब्रॅडस्ट्रीटच्या ओळीत घुसडू देऊ नका.

व्हीटली शेवटी. १७६१ मध्ये, सात-आठ वर्षांची असताना, तिला गुलाम म्हणून आफ्रिकेतून बॉस्टनला आणलं. १७७३ मध्ये तिचं पुस्तक लंडनला निघालं. त्यातल्या, आफ्रिकेतून अमेरिकेत आणलं जाण्यावरच्या कवितेत ती स्वतःच्या लोकांना ‘सेबल’ म्हणते. सेबल हा मौल्यवान गडद फर असलेला प्राणी. आणि तुच्छतेनं पाहणाऱ्यांच्या तोंडी ती अवतरणचिन्हांत ‘डायबॉलिक डाय’, सैतानी रंग, हे शब्द घालते. इथे प्रश्न एकच विचारा : कोणता शब्द कोणाच्या तोंडी आहे? घाईनं निष्कर्ष काढू नका, तास संपला तरी चालेल.

हा ‘डाय’ त्या पुस्तकात मरणाच्या स्पेलिंगनं छापलाय. त्या काळी रंगही तसा लिहीत. फळ्यावर उतरवताना तो दुरुस्त करू नका. कोणीतरी हात वर करतंच.