‘रिड्यूस बाय’ की ‘रिड्यूस टू’? या चुका टाळा

आत्याचं मनगट मोडलं, तेव्हा तिच्या डिस्चार्ज कार्डावर ‘क्लोज्ड रिडक्शन डन’ असं लिहिलेलं होतं. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती मला म्हणाली, “हाड कमी केलं का रे माझं? मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.” त्या एका शब्दापायी तिला दोन रात्री झोप नव्हती. रिडक्शन म्हणजे सरकलेलं हाड पुन्हा जागेवर बसवणं. क्लोज्ड म्हणजे कातडी न कापता, बाहेरून ओढून. तिच्या हातातलं काहीही काढलेलं नव्हतं.

यात आत्याची काहीच चूक नाही. ‘रिड्यूस म्हणजे कमी करणे’ एवढा एकच अर्थ आपण शाळेत पाठ करतो आणि आयुष्यभर तोच पुरवतो.

लॅटिनमध्ये ‘डूकेरे’ म्हणजे नेणं आणि ‘रे’ म्हणजे परत. परत नेणं, मूळ जागी आणणं, हा या शब्दाचा पहिला अर्थ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला तो याच अर्थाने. ‘कमी करणं’ त्याला बऱ्याच उशिरा चिकटलं. त्याची भावंडं आपल्या रोजच्या ओळखीची आहेत: प्रोड्यूस म्हणजे पुढे आणणं, इंट्रोड्यूस म्हणजे आत आणणं, आणि आपल्या एसटीचा कंडक्टर म्हणजे सोबत घेऊन जाणारा.

डॉक्टरांनी तो जुना अर्थ जपला, तसाच रसायनशास्त्रानेही. धातुकातून धातू परत मिळवायचा, म्हणून ते रिडक्शन. आपल्या पाठ्यपुस्तकातलं क्षपण. दहावीची मुलं इथे हमखास अडखळतात. इलेक्ट्रॉन मिळाले तरी त्याला रिडक्शन का म्हणायचं? तांब्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचा प्रभार अधिक दोनवरून शून्यावर येतो आणि समोर तांबं उरतं. हे एकदा सांगितलं की घोकावं लागत नाही. गणितातही तेच. ६/८ ‘रिड्यूस’ करून ३/४ लिहिलं म्हणजे संख्या लहान झाली, असं समजणारी मुलं मी पाहिली आहेत. किंमत तीच राहते, अपूर्णांक फक्त अतिसंक्षिप्त रूपात येतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘बाय’ आणि ‘टू’ यांची अदलाबदल.

खरं तर मराठी माणसाने इथे चुकायचं कारण नाही, कारण हा फरक आपल्या भाषेत रोज होतो. ‘बाय’ म्हणजे ‘-ने’, ‘टू’ म्हणजे ‘-वर’. किंमत शंभर रुपयांनी उतरवली की शंभर रुपयांवर आणली? जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा व्याजदर, ६ टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आणला. इंग्रजीत ‘रिड्यूस्ड टू ५.५० पर्सेंट’ किंवा ‘रिड्यूस्ड बाय ५० बेसिस पॉइंट्स’ (शंभर बेसिस पॉइंट्स म्हणजे एक टक्केबिंदू, म्हणजे दोन टक्केवारींमधला एकचा फरक). ‘रिड्यूस्ड बाय ०.५ पर्सेंट’ लिहिलंत, तर काटेकोर अर्थ होईल सहाच्या अर्धा टक्का, म्हणजे जेमतेम ०.०३. टक्के आणि टक्केबिंदू यांची ही गल्लत बातम्यांतही सर्रास दिसते.

औषधाच्या बाबतीत मात्र मी हात जोडून सांगतो, इथे अंदाज करू नका. वीस मिलिग्रॅमची मात्रा ‘रिड्यूस टू फाइव्ह’ म्हणजे आता पाच घ्यायचं. ‘रिड्यूस बाय फाइव्ह’ म्हणजे पंधरा घ्यायचं. स्टेरॉइडसारखं औषध टप्प्याटप्प्याने उतरवतात, तिथे या एका शब्दाची चूक रुग्णाला भोवू शकते. चिठ्ठीवर काय लिहिलंय याची शंका आली तर डॉक्टरांना सरळ विचारा, “आता एका वेळी किती मिलिग्रॅम घ्यायचं?” उरलेला आकडा विचारायचा, कमी करायचा नव्हे.

स्वयंपाकातही हाच घोळ. इंग्रजी पाककृतीत ‘रिड्यूस’ आलं आणि समोर दूध, रस्सा किंवा सॉस असेल, तर त्याचा अर्थ आटवणं. ‘रिड्यूस द हीट’ असेल तरच आच मंद करायची. एक लिटर दूध ‘बाय वन थर्ड’ आटवलं तर साधारण ६६७ मिलिलिटर उरतं, ‘टू वन थर्ड’ आटवलं तर ३३३. पहिलं पातळच राहतं, दुसऱ्याची बासुंदी होते.

‘टू’पुढे आकडाच यायला हवा असं नाही, अवस्थाही येते. ‘शी वॉज रिड्यूस्ड टू टिअर्स’ याला आपल्याकडे ‘तिला रडू कोसळलं’ हा किती चपखल शब्दप्रयोग आहे! ‘दागिने विकायची पाळी आली’ याला ‘वॉज रिड्यूस्ड टू सेलिंग’ म्हणतात. इथे ‘टू सेल’ चूक, ‘टू सेलिंग’ बरोबर.

पुढची चूक ‘होणं’ आणि ‘करणं’ यांची. रिड्यूस हे मुख्यतः ‘कमी करणं’. ‘माय पेन हॅज रिड्यूस्ड’ आपल्याकडे सगळे बोलतात आणि समजतंही, पण परीक्षेत किंवा परदेशी पत्रव्यवहारात ‘डिक्रीझ्ड’ किंवा ‘गॉन डाउन’ लिहा. डिक्रीझला होणं आणि करणं दोन्ही चालतं. बारीक झालेल्या मैत्रिणीला ‘यू हॅव रिड्यूस्ड’ म्हणण्याऐवजी ‘यू हॅव लॉस्ट वेट’ म्हणा. एकेकाळी अमेरिकेत डाएट करण्याला रिड्यूसिंग म्हणत, पण आता तो वापर जुना झाला.

दुकानात आपण म्हणतो, “पन्नास रुपये लेस करा.” मला वाटतं हा शब्द हिशेबाच्या वहीतून आला. तिथे ‘लेस: डेप्रिसिएशन’ असं लिहितात, म्हणजे वजा घसारा. मराठी बोलताना तो खुशाल वापरा, तो आता आपलाच झालाय. इंग्रजी वाक्यात मात्र ‘लेस’ क्रियापद नाही. ‘प्लीज लेस द प्राइस’ नको, ‘कॅन यू टेक फिफ्टी रुपीज ऑफ?’ म्हणा.

नाम करताना: कशात घट झाली ते सांगायला ‘इन’, किती झाली ते सांगायला ‘ऑफ’ (of). ‘अ रिडक्शन ऑफ टेन पर्सेंट इन द फी’.

उच्चार रिड्यूस, जोर ‘ड्यूस’वर. भूतकाळी रूप रिड्यूस्ट असं ऐकू येतं, शेवटी ‘ट’. आणि नामात ‘ड्यू’ नाहीसा होतो: रिडक्शन. आत्या आता तो शब्द अगदी नीट म्हणते, आणि फिजिओथेरपीला येणाऱ्या बायकांना त्याचा अर्थही समजावून सांगते.