व्हर्च्युअल मशीनमधली बफर ओव्हरफ्लोची भोकं कशी बुजवावीत

१३ मे २०१५ रोजी ‘व्हेनम’ नावाची त्रुटी जाहीर झाली. तोवर कॉम्प्युटरमधून फ्लॉपी ड्राइव्ह कधीच हद्दपार झाला होता, पण क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला (सॉफ्टवेअरने उभारलेल्या नकली कॉम्प्युटरला) उपकरणांची नक्कल पुरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फ्लॉपीचा कंट्रोलर जिवंत होता आणि घोटाळा नेमका तिथेच होता. सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१५-३४५६. ती सदोष कोडमध्ये २००४ पासून पडून होती, म्हणजे अकरा वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही.

आधी घडतं काय ते पाहू. गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधली ऑपरेटिंग सिस्टिम, समजते की आपण खऱ्या फ्लॉपी कंट्रोलरशी बोलतोय. प्रत्यक्षात तिचे बाइट होस्टवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या खऱ्या कॉम्प्युटरवर, चालणाऱ्या एका साध्या प्रोसेसच्या मेमरीत, ५१२ बाइटच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीच्या जागेत) जाऊन पडतात. पुढचा बाइट कुठे ठेवायचा हे एक काउंटर सांगतो आणि कमांड संपली की तो शून्यावर यायला हवा. काही कमांडच्या बाबतीत तो वेळेवर शून्यावर येत नव्हता. गेस्ट बाइट पाठवत राहिला की काउंटर ५१२ च्या पुढे सरकायचा आणि शेजारची मेमरी खरडली जायची. हाच बफर ओव्हरफ्लो. ती मेमरी होस्टवरच्या प्रोसेसची, त्यामुळे व्हर्च्युअल मशीनची भिंतच फुटायची.

हा हल्ला करायला गेस्टमध्ये रूटचे, म्हणजे सर्वोच्च वापरकर्त्याचे, अधिकार लागतात, असं सांगून काही जण निर्धास्त होतात. पण भाड्याने घेतलेल्या मशीनवर भाडेकरूच रूट असतो!

आता कामाला लागू.

पहिली पायरी: आपल्याकडे काय चालतंय ते ओळखा. केव्हीएम आणि झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे उपकरणांची नक्कल करायला बहुधा क्यूईएमयूच असतो. व्हर्च्युअलबॉक्समध्येही फ्लॉपीचा तोच जुना कोड होता. व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही यांना व्हेनमची झळ लागली नाही.

दुसरी पायरी: अपडेट. इथे आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नका. लिनक्स वितरणं जुन्याच आवृत्तीवर दुरुस्ती चढवतात, त्यामुळे आकडा जुना दिसला तरी भोक बुजलेलं असू शकतं. पॅकेजच्या बदलनोंदीत सीव्हीई क्रमांक शोधा. तो सापडला तर दुरुस्ती आली.

तिसऱ्या पायरीवर बहुतेकांची चूक होते. अपडेटने डिस्कवरची फाइल बदलते. आधीपासून चालू असलेली मशीन मात्र मेमरीतल्या जुन्याच कोडवर चालत राहते. गेस्टच्या आतून रीबूट केलं तरी होस्टवरची प्रोसेस सहसा तीच राहते, म्हणून त्याचा उपयोग नाही. मशीन नुसती थांबवून पुन्हा चालवली, म्हणजे पॉझ केली, तरी तेच. ती पूर्ण बंद करा, होस्टवरची प्रोसेस गेली याची खात्री करा आणि मगच चालू करा. बंद ठेवणं परवडत नसेल तर दुरुस्त झालेल्या दुसऱ्या होस्टवर लाइव्ह मायग्रेशन करा, म्हणजे मशीन चालू असतानाच तिकडे हलवा. तिथे नवी प्रोसेस नव्या कोडसह उभी राहते.

खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे प्रोसेस कधी सुरू झाली ते पाहणं. ती वेळ अपडेटच्या आधीची असेल तर काम अजून बाकी आहे. लिनक्सवर ‘प्रॉक’ डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या ‘एक्झी’ दुव्यापुढे ‘डिलीटेड’ असं दिसलं, तर ती जुन्या फाइलवरच तग धरून आहे.

चौथी पायरी: नको ती उपकरणं काढा. साउंड कार्ड, यूएसबी, सीडी ड्राइव्ह, सिरियल पोर्ट... सर्व्हरला यातलं किती लागतं? प्रत्येक नकली उपकरण म्हणजे गेस्टच्या हाती दिलेला आणखी एक कोड. जुलै २०१५ मध्ये सीडी ड्राइव्हच्या नकलेतही असाच ओव्हरफ्लो सापडला (सीव्हीई-२०१५-५१५४) आणि २०२० मध्ये यूएसबीच्या नकलेत बफरच्या हद्दीबाहेर वाचू-लिहू देणारी त्रुटी निघाली (सीव्हीई-२०२०-१४३६४). पण सेटिंगवर आंधळा विश्वास नको. व्हेनमच्या वेळी फ्लॉपी ड्राइव्ह काढला तरी कंट्रोलरचा कोड चालूच राहायचा. नवी मशीन बनवताना शक्य असेल तर क्यूईएमयूमधला ‘क्यू३५’ हा मशीनचा प्रकार निवडा. त्याच्या २.४ पासूनच्या रूपात फ्लॉपी कंट्रोलर आपोआप जोडला जात नाही.

पाचवी पायरी: भिंत फुटलीच तर बाहेर दुसरी भिंत असू द्या. क्यूईएमयू रूट म्हणून चालवू नका, त्याला वेगळा, कमी अधिकारांचा वापरकर्ता द्या. एसईलिनक्स किंवा अॅपआर्मर (कोणत्या प्रोसेसने कशाला हात लावायचा यावर बंधन घालणाऱ्या लिनक्सच्या सोयी) त्रास देतो म्हणून बंद करायची खोड अनेकांना असते. एसईलिनक्स चालू असेल तर लिबव्हर्ट हे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर प्रत्येक मशीनला वेगळं लेबल लावतं, त्यामुळे एका मशीनच्या प्रोसेसवर कब्जा मिळाला तरी शेजारच्या मशीनच्या डिस्कला हात लावता येत नाही. क्यूईएमयूचा स्वतःचा सँडबॉक्स पर्यायही आहे. त्याने बऱ्याच सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोसेसने होस्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागण्या, अडतात.

आणि दुरुस्ती आलीच नसेल? तर त्या होस्टवर अनोळखी माणसाच्या रूट अधिकारांची मशीन ठेवू नका. अशा मशीन वेगळ्या होस्टवर हलवा.