सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेब धरून लागवडीच्या तंबूसाठी एलईडी दिव्याची निवड

कार्तिक सरत आला की सोलापुरात पहाटे गारवा जाणवू लागतो, दुपारचे ऊनही सुसह्य होते, आणि घरातल्या एखाद्या रिकाम्या खोलीत लागवडीचा, चारही बाजूंनी बंद कापडी तंबू उभारून मायक्रोग्रीन्स (कोवळेपणीच कापून खायची इवली रोपे), लेट्यूस, बेसिल किंवा उन्हाळी मिरची-टोमॅटोची रोपे तयार करावीत असा विचार अनेकांच्या मनात याच दिवसांत येतो. वेळ योग्य आहे, कारण होळीपर्यंतच्या तीन-चार महिन्यांत हात बसतो आणि चुकाही स्वस्तात होतात. मात्र दिवा आत्ता घेतला तरी तो एप्रिल-मेचा हिशेब धरून घ्यावा, असा या सल्ल्याचा आग्रह आहे. मार्गशीर्षातल्या थंडीत कोणताही दिवा चांगलाच वाटतो; त्याची खरी परीक्षा पारा चाळिशीपार गेल्यावर होते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. प्रकाशाची टंचाई हा सोलापूरचा प्रश्न कधीच नव्हता. एप्रिलमधल्या निरभ्र दिवशी येथे एका चौरस मीटरवर दिवसभरात ४० मोलपेक्षा (मोल हे प्रकाशकण मोजण्याचे एकक; एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) अधिक प्रकाश सहज पडतो, आणि तेवढाच प्रकाश चांगल्या एलईडी दिव्यातून मिळवायचा म्हटले तर चौरस मीटरमागे रोज सुमारे साडेचार युनिट वीज जळेल. म्हणून टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी यांसारखी फळपिके तंबूत शेवटपर्यंत वाढवण्याचा नाद करू नये. ती शेडनेटमध्येच शोभतात. तंबू उपयोगी पडतो तो कमी प्रकाशात, कमी दिवसांत आणि कमी उंचीत हाताशी येणाऱ्या मालासाठी, म्हणजे मायक्रोग्रीन्स, हॉटेलला द्यायची परदेशी पालेभाजी, भाजीपाल्याची रोपे, आणि डाळिंबाच्या या जिल्ह्यात उतीसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेल्या) रोपांच्या पहिल्या टप्प्यातील कणखरीकरणासाठी, म्हणजे त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावण्यासाठी. या रोपांना प्रखर प्रकाशापेक्षा सौम्य प्रकाश आणि टिकून राहणारी आर्द्रता अधिक मानवते.

दिवा निवडताना पहिली फसगत होते ती वॅटच्या आकड्यावर. माझ्याकडे आलेल्या पहिल्या दिव्याच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरांत १००० वॅट छापलेले होते. प्लगमध्ये लावायच्या साध्या वॅटमीटरवर तो तपासला, तेव्हा आकडा १०८ वर जाऊन स्थिरावला. विक्रेत्याचे म्हणणे असे की हा आकडा जुन्या सोडियम दिव्याशी तुलना करून दिलेला असतो. ती तुलना कोणी, कशी केली, हे मात्र त्यालाही सांगता आले नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की खोक्यावरचा मोठा आकडा वाचायचाच नाही. दिवा प्रत्यक्षात ओढतो ते वॅट आणि प्रत्येक ज्यूल विजेतून तो किती मायक्रोमोल प्रकाश देतो ती कार्यक्षमता, एवढ्या दोनच गोष्टी विचारायच्या. चांगल्या बनावटीचे दिवे आज ज्यूलमागे २.५ मायक्रोमोल किंवा त्याहून थोडे अधिक देतात. घरातला ९ वॅटचा, ९०० ल्युमेनचा पांढरा बल्ब याच मापाने साधारण १.४ भरतो. जो विक्रेता हा आकडा सांगू शकत नाही, त्याचा दिवा बल्बच्याच पंक्तीतला समजून किंमत करावी.

आता प्रत्यक्ष मोजदाद. झाडाला उपयोगी प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला असतो आणि पानांवर पडणारा प्रकाश चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल, असा मोजतात. या आकड्याला दिवा चालण्याच्या तासांनी आणि ०.००३६ ने गुणले की दिवसाची एकूण शिदोरी मोलमध्ये मिळते. लेट्यूसला दिवसाला १२ ते १६ मोल पुरतात. पानांवर २५० मायक्रोमोल प्रकाश १४ तास दिला तर १२.६ मोल होतात. तंबू चार बाय चार फुटांचा असेल तर त्याचे क्षेत्र जवळजवळ दीड चौरस मीटर भरते. म्हणजे पानांपर्यंत सेकंदाला ३७० मायक्रोमोल पोचले पाहिजेत, आणि भिंतींवर व कोपऱ्यांत वाया जाणारा पाचवा हिस्सा धरला तर दिव्यातून ४६५ च्या आसपास निघाले पाहिजेत. २.५ कार्यक्षमतेच्या दिव्याला यासाठी सुमारे १९० वॅट लागतात. तेवढ्याच प्रकाशासाठी १.४ कार्यक्षमतेचा दिवा ३३० वॅट खातो. स्वस्तात घेतलेला दिवा महिन्याला साठेक युनिट जास्त ओढतो तो असा, आणि त्याहून वाईट म्हणजे हे जादा १४० वॅट तंबूत उष्णता होऊन बसतात.

मायक्रोग्रीन्सना एवढा प्रकाश लागत नाही. पेरणीनंतर दोन-तीन दिवस ट्रे अंधारात दडपून ठेवल्यावर पुढे १०० ते १५० मायक्रोमोल, १४ तास, हे मुळा, मोहरी, सूर्यफूल, मेथी या सगळ्यांना पुरेसे आहे. दोन बाय चार फुटांच्या फळीवर २० वॅटच्या चार साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या जवळजवळ लावल्या तरी हे काम भागते, आणि त्या नादुरुस्त झाल्या तर कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात बदलून मिळतात. केवळ मायक्रोग्रीन्स करणाऱ्याने महागडा दिवा घेऊ नये. मिरची-टोमॅटोच्या रोपांना दोन खरी पाने फुटल्यानंतर १५० ते २५० मायक्रोमोल द्यावेत.

परदेशी कंपन्यांच्या दिव्यांसोबत येणारे क्षेत्राचे तक्ते जपून वाचावेत. त्या देशांत हे तंबू मोठ्या प्रमाणात गांजाच्या लागवडीसाठी विकले जातात, आणि आपल्याकडे ती लागवड परवान्याशिवाय करणे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे; पण येथे मुद्दा असा की तक्त्यातला फुलोऱ्याचा आकडा त्या प्रकाशखाऊ पिकाला धरून दिलेला असतो. पालेभाजी आणि रोपांसाठी शाकीय (पानाफांद्यांच्या) वाढीच्या रकान्यातले क्षेत्र पाहावे. ते बहुधा मोठे असते आणि लहान दिव्यावरही काम निभावते.

आकाराच्या बाबतीत माझा कल पट्ट्यांच्या दिव्याकडे आहे. एका चौकोनी फळीवर दाटीवाटीने चिप बसवलेला दिवा मध्यभागी प्रखर आणि कोपऱ्यांत मंद पडतो, मग मधल्या लेट्यूसची पाने कडेने करपतात आणि कडेची रोपे लांबुडकी होऊन मान टाकतात. चार ते सहा पट्ट्यांचा दिवा प्रकाश पसरून देतो, छतापासून कमी जागा घेतो आणि त्याच्या फटींतून हवाही खेळते. रंगाविषयी फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. ३५०० ते ५००० केल्विनचा पांढरा प्रकाश आणि त्यात ६६० नॅनोमीटरचे थोडे तांबडे चिप असले की पुरे. निव्वळ जांभळ्या दिव्याखाली झाडे वाढतात, पण त्या उजेडात पान पिवळे पडले की हिरवे आहे हेच कळत नाही, आणि मावा, फुलकिडे दिसेपर्यंत उशीर होतो. पालेभाजीसाठी अतिनील किरणांचे जादा पैसे मोजू नयेत.

उष्णतेचा विचार सोलापूरकराने सर्वांत अधिक करावा. एलईडी दिवा गार असतो हा समज अर्धवट खरा आहे. सोडियम दिव्यासारखी झळ तो पानांवर टाकत नाही, हे खरे. परंतु त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी तंबूतल्या हवेत उष्णता होऊनच उतरते. १९० वॅटचा दिवा असेल आणि पंखा तासाला प्रत्यक्षात २०० घनमीटर हवा बाहेर टाकत असेल, तर तंबू खोलीपेक्षा साधारण ३ अंशांनी तापलेला राहील. हवा १०० घनमीटर असेल तर ६ अंशांनी. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. नळी वाकवली, जाळी लावली की त्यातला मोठा हिस्सा गळतो, त्यामुळे पंखा हिशेबापेक्षा दीडपट घ्यावा. त्याची नळी खिडकीबाहेर काढावी, खोलीत सोडू नये. खोलीतच सोडली तर तीच तापलेली हवा फिरून तंबूत येते आणि तासाभरात खोलीचीच भट्टी होते. ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला योग्य वीज पुरवणारा डबा, सुटा निघत असेल तर तो तंबूबाहेर टांगावा. विजेचा काही हिस्सा तेथेच उष्णता होत असल्याने तेवढा ताप आत जात नाही.

जागेचा फरक पंख्याहूनही मोठा ठरतो. जुन्या वाड्यातली माळवदाची, जाड मातीच्या भिंतींची खोली भर दुपारी बाहेरपेक्षा कितीतरी गार राहते. पत्र्याची खोली मात्र मार्चमध्येच अकरा वाजता नकोशी होते. दोन्ही उपलब्ध असतील तर तंबू माळवदाखालीच लावावा, मग तेथे पाणी वाहून न्यावे लागले तरी चालेल. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडे भिंत असलेली स्लॅबची खोली रात्री दहापर्यंत तापलेली असते, हेही लक्षात असू द्यावे.

झाडाला दिवस कधी आणि रात्र कधी हे दिवाच ठरवतो. म्हणून टायमर संध्याकाळी ६ ते सकाळी ८ असा लावावा आणि दुपारी तंबूत अंधार ठेवावा. याचा लाभ दोन्ही ऋतूंत होतो. उन्हाळ्यात दिव्याची उष्णता दिवसाच्या सर्वांत तप्त वेळेवर पडत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास असताना, हीच उष्णता मिरचीच्या उगवणीला मदत करते. मिरचीचे बी २५ ते ३० अंशांत चांगले उगवते. त्या दिवसांत पंखा मंद ठेवावा, मात्र पूर्ण बंद करू नये, नाहीतर ओल साचून रोपे कोलमडतात. दिव्याला डिमर असणे येथे कामी येते: हिवाळ्यात पूर्ण ताकद, मार्चपासून सत्तर टक्के.

विजेच्या बाजूने दिवा पारखताना ड्रायव्हर पाहावा, कारण चिप क्वचितच जातात, ड्रायव्हर जातो. संध्याकाळी शेजारची मोटर सुरू झाली की दिवे मंद होणारी वस्ती असेल तर १०० ते २७७ व्होल्टपर्यंत चालणारा, पॉवर फॅक्टर ०.९ पेक्षा अधिक असलेला आणि विजेच्या झटक्यापासून संरक्षण असलेला ड्रायव्हर घ्यावा. त्यावर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा ‘आर-’ ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असावा. तंबूत पाणी, खत आणि वीज एकत्र येतात. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरे, तपासलेले अर्थिंग यांशिवाय दिवा चालू करू नये. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नये, भिंतीला टांगावा. वायर खाली झुकवून मग वर प्लगकडे न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत पोचणार नाही.

वीजबिलाचा हिशेब आधी मांडावा. १९० वॅटचा दिवा रोज १४ तास चालला तर महिन्याला ८० युनिट होतात आणि ३० वॅटचा पंखा चोवीस तास चालला तर आणखी २१ ते २२, म्हणजे एकूण शंभराच्या आसपास. महावितरणच्या घरगुती जोडणीत वापर वाढेल तसा वरच्या टप्प्याचा दर लागतो, त्यामुळे ही १०० युनिट सरासरी दराने नव्हे तर आपल्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याच्या दराने मोजावीत. हिशेबापुरते दहा रुपये युनिट धरले तरी महिन्याला हजार रुपये केवळ उजेडाचे आणि हवेचे होतात. लेट्यूसचा भाव ठरवताना हा आकडा कोकोपीट आणि बियाण्याच्या आधी लिहावा. एसी लावायचा झाला तर दिव्याने ओतलेली उष्णता बाहेर काढण्यासाठीच दिव्याच्या विजेच्या साधारण एक तृतीयांश वीज आणखी लागेल.

दिवा आल्यावर रोपे ठेवण्यापूर्वी तो रिकाम्या तंबूत सलग आठ तास चालवावा. वॅटमीटरवरचा आकडा, ड्रायव्हरची गरमी, गुणगुण आणि लुकलुक या चार गोष्टी पाहून, परत करण्याची मुदत संपण्याआधीच निर्णय घ्यावा. मोबाईलमधले लक्समीटर अचूक नसते, पण तंबूच्या मध्याचा आणि कोपऱ्यांचा आकडा ताडून पाहायला ते पुरते. पांढऱ्या एलईडीखाली २५० मायक्रोमोल म्हणजे ढोबळमानाने १७,५०० लक्स. कोपरा मध्याच्या दोन तृतीयांशाखाली गेला तर दिवा थोडा उंच घ्यावा किंवा ट्रे दर दोन दिवसांनी फिरवावेत. यंत्रमागाच्या वस्तीत सुताचे तंतू आणि एरवी सर्वत्र धूळ पट्ट्यांवर बसते. पंधरवड्यातून एकदा, दिवा बंद करून, कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. बोअरच्या जड पाण्याची फवारणी होत असेल तर क्षारांचे पांढरे डागही त्याच वेळी पडताळावेत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तापमापक पानांच्या उंचीवर, दिव्याच्या थेट प्रकाशापासून झाकून टांगावा आणि तीन दिवस दुपारी ३ वाजता व रात्री ११ वाजता वाचावा. रात्रीचा, म्हणजे दिवा चालू असतानाचा आकडा २८ च्या वर राहत असेल, तर लेट्यूसचा नवा ट्रे पेरू नये. पाने कडू होतात आणि झाड तुऱ्यावर येते. त्या जागी बेसिल, राजगिरा आणि सूर्यफुलाचे ट्रे घ्यावेत. रात्रीचा आकडा ३४ च्या पुढे गेला की दिवा काढून, पुसून, खोक्यात भरून मृगापर्यंत माळवदाखाली ठेवावा.